मराठी मजकुराला वर्डमधल्या स्टाइल का लागत नाहीत, आणि कशा लावायच्या

ऑगस्ट उजाडला की मुंबईतल्या हौसिंग सोसायट्यांचे सेक्रेटरी गेल्या वर्षीच्या वार्षिक अहवालाची फाइल उघडतात, 'सेव्ह ॲज' करतात आणि साल बदलायला घेतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यायची आणि तिची नोटीस १४ दिवस आधी द्यायची, त्यामुळे घाई ठरलेलीच. खजिनदाराचा मजकूर व्हॉट्सॲपवरून येतो, लिफ्टच्या दुरुस्तीचा तपशील मेलमधून, मागच्या सभेचं इतिवृत्त तिसऱ्याच फाइलमधून. सगळं एकत्र चिकटवलं की एकाच अहवालात चार फॉन्ट, तीन आकारांची शीर्षकं आणि पानं सरकवायला मारलेले वीस-वीस एंटर. मग छपाईच्या आदल्या रात्री कोणीतरी प्रत्येक शीर्षक निवडून बोल्ड करत बसतं.

यावर 'स्टाइल वापरा' हा सल्ला सगळेच देतात, आणि तो बरोबरच आहे. स्टाइल म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांचा एकदा ठरवून नाव दिलेला संच, जो एका क्लिकमध्ये मजकुराला लावता येतो. पण मराठीत लिहिणारे बरेच जण तो एकदा करून बघतात आणि सोडून देतात. हेडिंगसाठी नवा फॉन्ट आणि १८ पॉइंट ठरवले, स्टाइल लावली, तर ओळीतले इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी जसंच्या तसं राहतं. यातून निष्कर्ष काढला जातो की स्टाइल मराठीला चालत नाहीत. त्या चालतात. देवनागरीची सेटिंग वर्डने कुठे ठेवली आहे हे माहीत नसल्यामुळे सगळा घोळ होतो, म्हणून आधी तेच.

एका स्टाइलमध्ये दोन फॉन्ट

वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' समजतं. अरबी, हिब्रू, थाई आणि आपल्या बहुतेक लिप्या याच गटात येतात. प्रत्येक स्टाइलमध्ये, खरं तर फाइलमधल्या प्रत्येक अक्षराच्या नोंदीत, दोन स्वतंत्र कप्पे असतात: एक लॅटिन अक्षरांचा, एक कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा. फॉन्ट वेगळा, आकार वेगळा, बोल्ड आणि इटॅलिकसुद्धा वेगळे. तुम्ही पहिल्या कप्प्यात १८ पॉइंट लिहिलेत आणि दुसऱ्यात जुनेच आकडे राहिले, तर 'वार्षिक अहवाल' हे शब्द जुन्याच आकारात दिसणार.

कॉम्प्लेक्सचा कप्पा दिसतच नसेल तर ऑफिसला मराठी भाषा जोडलेली नाही. फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज या वाटेने जाऊन लिहिण्याच्या भाषांमध्ये मराठी जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. आता होम टॅबवरच्या स्टाइलच्या पट्टीत 'हेडिंग १'वर उजवं क्लिक करून 'मॉडिफाय' निवडा. समोर आलेल्या चौकटीतली वरची फॉन्टची यादी सोडून द्या. तिथे आपण कोणत्या लिपीसाठी निवडतोय हे पटकन लक्षात येत नाही. खाली डाव्या कोपऱ्यातल्या 'फॉरमॅट' बटणातून 'फॉन्ट' उघडा. तिथे 'लॅटिन टेक्स्ट' आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असे दोन भाग एकाखाली एक दिसतात. दोन्ही भरा. हेच बॉडी टेक्स्टला, हेच अनुक्रमणिकेच्या स्टाइलला. जिथे म्हणून फॉन्ट ठरवाल तिथे दोन्ही.

हे दोन कप्पे डोकेदुखी वाटतात, पण त्यांचा फायदाही आहे. एकाच पॉइंट आकारात देवनागरी अक्षर अनेक फॉन्टमध्ये इंग्रजीपेक्षा लहान दिसतं. मग देवनागरी १३ आणि लॅटिन ११ असं स्टाइलमध्येच ठरवून टाकलं की 'जीएसटी'ऐवजी रोमन अक्षरांत लिहिलेला शब्द ओळीतून डोकं वर काढत नाही. एक लक्षात ठेवा: १, २, ३ हे मराठी आकडे कॉम्प्लेक्सच्या कप्प्यात जातात आणि इंग्रजी आकडे लॅटिनच्या. ताळेबंदाच्या तक्त्यात दोन प्रकारचे आकडे मिसळले असतील तर एकाच रकान्यात दोन फॉन्ट दिसतात, आणि त्याला स्टाइल जबाबदार नसते.

फॉन्टची निवड इथेच उरकून घ्या. विंडोजमध्ये निर्मला यूआय असतोच, मंगल काही संगणकांवर वेगळा जोडावा लागतो. मोफत फॉन्टमध्ये मुंबईच्याच एक टाइपने केलेला मुक्त छापील अहवालाला स्वच्छ दिसतो, जाड-बारीक वजनंही भरपूर आहेत. पारंपरिक छापाचं वळण हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका पाहा. इटॅलिक मात्र देवनागरीत टाळाच. बहुतेक फॉन्टमध्ये तिरप्या अक्षरांचा वेगळा साचा नसतो, वर्ड सरळ अक्षरं ढकलून तिरपी करतं आणि वेलांट्या एकमेकींवर कलंडतात. जोर द्यायचा असेल तर 'स्ट्राँग' नावाची कॅरेक्टर स्टाइल आहे, तिच्या दोन्ही कप्प्यांत बोल्ड ठेवा.

'मॉडिफाय'मधल्या त्याच फॉरमॅट बटणात 'लँग्वेज' आहे. तिथे मराठी निवडली की तो मजकूर हिंदी समजून खाली लाल रेघा मारणं थांबतं. हेही स्टाइलमध्येच करायचं, मजकूर निवडून नाही, नाहीतर पुढचा परिच्छेद टाइप केला की रेघा परत.

जुन्या फॉन्टची फाइल असेल तर थांबा

बऱ्याच सोसायट्यांच्या, मंडळांच्या आणि संस्थांच्या जुन्या फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत) रुळण्यापूर्वीच्या. अशा फाइलमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतंच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. त्यावर हेडिंग स्टाइल लावली की फॉन्ट बदलतो आणि पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उभी राहते. कंट्रोल+स्पेसने फॉर्मॅटिंग पुसलं तरी तेच. घाबरू नका, कंट्रोल+झेडने परत येतं. पण अशा मजकुरावर स्टाइल चढवत बसू नका. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतरात नेमकं तिथेच चुकतं. सुऱ्या, दऱ्या, तऱ्हा यांतला अर्धा र खास करून बघा.

नॉर्मलला हात लावू नका

हा मुद्दा इंग्रजीत लिहिणाऱ्यांनाही लागू आहे. साधा मजकूर सगळे 'नॉर्मल' स्टाइलमध्ये लिहितात, आणि मग परिच्छेदाच्या पहिल्या ओळीला अर्धा इंच जागा हवी म्हणून नॉर्मलमध्येच ती देतात. त्याबरोबर तक्त्यांमधल्या प्रत्येक खान्यातला मजकूर अर्धा इंच आत सरकतो, पानाच्या तळाचा क्रमांकही सरकतो. कारण वर्डमधल्या बाकीच्या बहुतेक स्टाइल नॉर्मलवर आधारलेल्या असतात आणि जे बदललं ते वारशाने घेतात. म्हणून नॉर्मलमध्ये फक्त फॉन्ट, आकार आणि भाषा ठरवा. अंतरं, पहिल्या ओळीची जागा वगैरे सगळं 'बॉडी टेक्स्ट'मध्ये, आणि अहवालाचा मजकूर बॉडी टेक्स्टमध्येच लिहा. तक्त्यासाठी नॉर्मलवर आधारलेली एक वेगळी 'तक्ता मजकूर' स्टाइल करा, १० किंवा ११ पॉइंटची.

साठ पानांच्या अहवालालाही एवढ्या स्टाइल पुरतात: टायटल, हेडिंग १ ते ३, बॉडी टेक्स्ट, तक्ता मजकूर, कॅप्शन, एक क्रमांकित यादी, आणि ठरावासाठी एक. सोसायटीच्या इतिवृत्तात 'ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक' हे दर वेळी त्याच साच्यात येतं, म्हणून त्याला स्वतःची स्टाइल द्यावी. डावीकडे एक सेंटिमीटर आत, वर ६ पॉइंट जागा, आणि मजकूर दोन पानांत तुटू नये म्हणून 'कीप लाइन्स टुगेदर'. यापेक्षा जास्त स्टाइल केल्या की कोणती कुठे वापरायची हेच कोणाला आठवत नाही, आणि माणसं परत बोल्डच्या बटणाकडे वळतात.

हेडिंगमध्ये चार गोष्टी आवर्जून बघा. वरची जागा खालच्या जागेपेक्षा जास्त ठेवा, वर १८ आणि खाली ६ पॉइंट ठीक, म्हणजे शीर्षक आपल्या मजकुराला चिकटलेलं दिसतं. 'कीप विथ नेक्स्ट' चालू असू द्या, म्हणजे पानाच्या तळाशी एकटं शीर्षक उरत नाही. प्रकरण नव्या पानावर सुरू करायचं असेल तर हेडिंग १ मध्येच 'पेज ब्रेक बिफोर' लावा. मग एंटर मारत पान ढकलायला नको, आणि मधे चार ओळी वाढल्या तरी काही बिघडत नाही. चौथी गोष्ट 'स्टाइल फॉर फॉलोइंग पॅराग्राफ': तिथे बॉडी टेक्स्ट निवडा, म्हणजे शीर्षक लिहून एंटर मारला की पुढची ओळ आपोआप साध्या मजकुराची.

'मॉडिफाय'च्या चौकटीत तळाशी 'ऑटोमॅटिकली अपडेट' अशी एक खूण करायची जागा असते. ती कधीही चालू करू नका. ती चालू असेल तर कोणी एक परिच्छेद सहज लाल केला की त्या स्टाइलचा सगळा अहवाल लाल होतो.

ओळींमधलं अंतर देवनागरीत नाजूक आहे. मजकूर दाटीने बसवायला 'एक्झॅक्टली' निवडून १२ पॉइंटला १४ अंतर दिलं की वरच्या मात्रा-अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात. पडद्यावर कधी कापलेले दिसतात आणि छापल्यावर येतात, कधी उलट, म्हणून पडद्यावर विसंबू नका. मंगल आणि मुक्त यांच्या अंगातच उभी जागा भरपूर असल्यामुळे त्यांना 'सिंगल' पुरतं, दीडपट केलं की पान ओकंबोकं दिसतं. दोन लिप्यांचे फॉन्ट मिसळल्याने काही ओळी जवळ आणि काही लांब दिसत असतील, तर बॉडी टेक्स्टला 'एक्झॅक्टली' २० किंवा २१ द्यायला हरकत नाही. पण त्याच स्टाइलच्या ओळीत फोटो टाकलात तर फोटोची ओळीएवढी चिंचोळी पट्टीच दिसेल. 'गच्चीचा फोटो कापला गेला' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. फोटोच्या परिच्छेदाला सिंगल अंतराची वेगळी स्टाइल द्या.

दोन्ही कडा सरळ करायचा मोह आवरा. लांब मराठी शब्द ओळीच्या शेवटी तुटत नाहीत, त्यामुळे 'व्यवस्थापन समितीच्या अधिकारांतर्गत' अशा ओळीत शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी.

हाताने सजवलेली फाइल सुधारायची कशी

पहिल्यांदा कंट्रोल+शिफ्ट+८ दाबून लपलेल्या खुणा दाखवा. परिच्छेदाची खूण म्हणजे एंटर, वाकडा बाण म्हणजे शिफ्ट+एंटर. हा दुसरा प्रकार त्रासदायक, कारण दिसायला नवी ओळ असली तरी वर्डच्या हिशेबी परिच्छेद एकच असतो. शीर्षक आणि त्याखालचा मजकूर शिफ्ट+एंटरने जोडलेला असेल तर हेडिंग स्टाइल दोघांना लागते, आणि अनुक्रमणिकेत अख्खा परिच्छेद येऊन बसतो.

म्हणून कंट्रोल+एच उघडा, 'मोअर' आणि मग 'स्पेशल' दाबा. शोधायच्या जागी 'मॅन्युअल लाइन ब्रेक' आणि बदलायच्या जागी 'पॅराग्राफ मार्क' घेऊन सगळीकडे बदला. त्यानंतर दोन पॅराग्राफ मार्कच्या जागी एक, आणि बदलांचा आकडा कमी व्हायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. रिकाम्या ओळी गेल्या की फाइल गिचमिड दिसेल. दिसू द्या, अंतर आता स्टाइल देणार आहे.

मग सगळा मजकूर निवडून बॉडी टेक्स्ट लावायचा मोह होतो. तो थांबवा, कारण कुठलं शीर्षक होतं याची एकमेव खूण म्हणजे ते हाताने केलेलं बोल्डच आहे. आधी शीर्षकं पकडा. एका बोल्ड शीर्षकात कर्सर ठेवा, होम टॅबच्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट', त्यात 'सारख्या फॉर्मॅटिंगचा सगळा मजकूर निवडा' या अर्थाचा पर्याय आहे. त्याने सगळी तशीच शीर्षकं एकदम निवडली जातात, मग एका क्लिकमध्ये हेडिंग २ लावा. पर्याय फिका दिसून शेजारी 'नो डेटा' लिहिलेलं असेल, तर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड पानावर 'कीप ट्रॅक ऑफ फॉर्मॅटिंग' चालू करा. शीर्षकं तीन आकारांत असतील तर हे तीनदा करावं लागेल.

स्टाइल लावूनही जुनं बोल्ड किंवा जुना फॉन्ट चिकटून राहिला तर गोंधळू नका. परिच्छेदातल्या निम्म्याहून जास्त अक्षरांवर हाताने केलेलं फॉर्मॅटिंग असेल तर स्टाइल लावताना वर्ड ते पुसतं. निम्म्याहून कमी अक्षरांवर असेल तर मुद्दाम दिलेला जोर समजून ठेवतं. म्हणूनच दोन सारख्या दिसणाऱ्या परिच्छेदांवर एकाच क्लिकचा वेगळा परिणाम होतो. उरलेला मजकूर निवडून कंट्रोल+स्पेसने अक्षरांची आणि कंट्रोल+क्यूने परिच्छेदाची हाताने केलेली सजावट जाते. नेमकं काय चिकटलंय हे बघायचं असेल तर शिफ्ट+एफ१.

हेडिंग लावायला कंट्रोल+ऑल्ट+१, २, ३ हे शॉर्टकट आहेत. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना कंट्रोल+ऑल्टची जोडी काही कळांवर अक्षर उमटवते. शॉर्टकट लागला नाही तर तेवढ्यापुरता कीबोर्ड इंग्रजीवर न्या. व्हॉट्सॲप आणि मेलमधला मजकूर इथून पुढे 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडूनच चिकटवा.

क्रमांक आणि अनुक्रमणिका

शीर्षकांचे क्रमांक हाताने टाइप केले की मधे एक मुद्दा घातल्यावर पुढचे सगळे बदलावे लागतात. 'मल्टिलेव्हल लिस्ट'मधून नवी यादी ठरवा, 'मोअर' उघडा आणि पहिली पातळी हेडिंग १ला, दुसरी हेडिंग २ला जोडा. क्रमांकाच्या प्रकारांत खाली १, २, ३ असे देवनागरी आकडे मिळतात. पानांच्या क्रमांकालाही वेगळ्या चौकटीत तेच निवडावं लागतं. विसरलात तर प्रकरण '४' आणि पान इंग्रजी आकड्यात अशी खिचडी होते. हे सगळं एकदा आणि हेडिंग १मध्ये कर्सर ठेवून करा. प्रत्येक शीर्षकावर क्रमांकाचं बटण दाबत गेलात की फाइलमध्ये वेगवेगळ्या याद्या तयार होतात आणि मधेच क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो.

अनुक्रमणिका 'रेफरन्सेस' टॅबमधून घाला. तिचा मराठी फॉन्ट बिघडलेला दिसला तर अनुक्रमणिका निवडून दुरुस्त करू नका, पुढच्या वेळी एफ९ दाबून ती ताजी केली की ते पुसलं जातं. 'टीओसी १', 'टीओसी २' या स्टाइलचे दोन्ही कप्पे भरा. अनुक्रमणिकेत रिकामी ओळ येत असेल तर बहुधा कुठेतरी रिकाम्या दिसणाऱ्या ओळीला हेडिंग स्टाइल लागलेली असते; कंट्रोल+एफने डावीकडची शीर्षकांची यादी उघडून शोधा. 'परिशिष्ट ३ पाहा' असे उल्लेखही टाइप न करता 'क्रॉस-रेफरन्स'मधून घाला, आणि छापण्यापूर्वी कंट्रोल+ए, मग एफ९.

दुकानात नेण्यापूर्वी

फोर्ट किंवा दादरच्या झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल नेली की पानं सरकतात. त्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसतो, त्याच्या जागी दुसरा येतो, आणि देवनागरी फॉन्टच्या उंचीत एवढा फरक असतो की ४० पानांची ४६ होतात. दुसरं कारण लपलेलं असतं: डेव्हलपर टॅबमधल्या 'डॉक्युमेंट टेम्प्लेट' चौकटीत 'ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स'ला खूण असेल, तर फाइल उघडताच दुकानातल्या टेम्प्लेटच्या स्टाइल तुमच्या स्टाइलवर चढतात. ती खूण काढा. आणि वर्डची फाइल नेऊच नका, पीडीएफ न्या. पीडीएफ करताना 'ऑप्शन्स'मध्ये हेडिंगवरून बुकमार्क बनवायचा पर्याय निवडला की सभासदांना मोबाइलवर थेट 'लेखापरीक्षण अहवाल' उघडता येतो. त्याखालचा ॲक्सेसिबिलिटीचा पर्याय चालू ठेवला की एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीन सभासदाला एच दाबून शीर्षकाकडून शीर्षकाकडे जाता येतं. बोल्ड करून मोठ्या केलेल्या ओळींवर ही सोय मिळत नाही.

पुढच्या वर्षासाठी गेल्या वर्षीचा अहवाल ठेवण्यापेक्षा मजकूर काढून फाइल वर्ड टेम्प्लेट म्हणून जतन करा. तिच्यावर डबल क्लिक केलं की नवी फाइल उघडते, मूळ तशीच राहते.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा, मग तिथेही स्टाइलच्या फॉन्टमध्ये दुसरा भाग दिसतो. एफ११ने स्टाइलची यादी, कंट्रोल+१ने हेडिंग १, कंट्रोल+एमने हाताची सजावट साफ. २०२३मध्ये आलेल्या ७.६ आवृत्तीपासून 'स्पॉटलाइट' आहे, तो कुठे कोणती स्टाइल आणि कुठे हाताचं फॉर्मॅटिंग हे मजकुरावरच रंगाने दाखवतो. या एका बाबतीत लिब्रेऑफिस वर्डच्या पुढे आहे असं माझं मत. गूगल डॉक्समध्ये कप्प्यांची भानगड नाही, पण स्वतःच्या नावाची नवी स्टाइलही करता येत नाही. शीर्षक हवं तसं सजवा, फॉरमॅट मेन्यूतल्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये जाऊन हेडिंग निवडीप्रमाणे बदला, झालं. ठरावासाठीची स्टाइल तिथे मिळणार नाही. हेडिंग ६ मोकळं असतं, पण ते वापरलंत तर प्रत्येक ठराव अनुक्रमणिकेतही दिसू शकतो.